धुण्याच्या दगडातला शंख

नमस्कार, श्रोतेहो.

झिरो माइलवरून आपण सगळेच येता-जाता जातो. ते चार घोडे आणि तो उंच खांब कुठल्याही नागपूरकराला डोळे मिटून सांगता येईल. पण तिथल्या दगडावर साल कोणतं कोरलेलं आहे? 1907. मोजणीखात्याच्या लोकांनी समुद्रसपाटीपासूनची उंची ठरवून तो दगड रोवला. अक्षरं अजून वाचता येतात. फक्त गाडी बाजूला लावून दोन पावलं चालत जावं लागतं.

आज मला अशाच रोजच्या दगडांबद्दल बोलायचं आहे. आणि त्यातला एक दगड आमच्या घरचा आहे.

आमच्याकडे भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात. जेवणाच्या दिवशी घरात पाय ठेवायला जागा नसते. त्या वर्षी पुतणीबरोबर तिची एक मैत्रीण आली होती, चंद्रपूरकडची, भूशास्त्र शिकणारी. पंगत उठली, आंबील-पुरणाचे हात धुवायला सगळे मागच्या नळावर गेले. नळाखाली आमचा धुण्याचा दगड. पिवळसर करडा, मधोमध झिजून गुळगुळीत झालेला. सगळे हात धुऊन परत आले, ही पोरगी काही येईना. मी पाहायला गेले तर साडीचा काष्टा खोचून, उकिडवी बसून, दगडावर ओंजळीनं पाणी टाकतेय आणि अगदी नाक टेकवून बघतेय.

सासूबाई मागून आल्या. म्हणाल्या, "काय पाहून राहिली गं पोरी? साबणाचे डाग आहेत ते."

ती म्हणाली, "आजी, हा दगड कुठून आणला?"

"टाकळीकडून. घर बांधलं तवा ह्यांनी बैलगाडीत टाकून आणला."

टाकळी, आपल्या नागपूरचीच, म्हटल्याबरोबर त्या मुलीचा चेहरा असा उजळला! तिनं सासूबाईंचा हात धरला, त्यांना खाली बसवलं आणि त्यांचं बोट त्या पांढऱ्या डागावरून फिरवलं. ओल्या दगडावर पीळ स्पष्ट उठला होता. तो शंख होता. बोराएवढा, पुरता शंख. शेजारी दुसरा, कडेला अर्धा तिसरा.

मग ती तिथंच, त्या ओल्या फरशीवर, सांगत बसली. साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी इथे लाव्हा पसरत होता. एक थर यायचा, थंड व्हायचा, मग मध्ये बराच काळ शांत जायचा. त्या काळात खळग्यांत पाणी साचून तळी व्हायची. तळ्यात झाडपाला, गोगलगायी. पुन्हा लाव्हा आला की तळं झाकलं जायचं. गाळात सिलिका, म्हणजे गारगोटीतलं द्रव्य, मुरली, गाळाचा चकमकीसारखा कठीण दगड झाला आणि शंख आत राहिले. लाव्ह्याच्या दोन थरांमधलं तळं, श्रोतेहो. पुन्हा सांगते, दोन थरांमधलं तळं.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्या फार शिकलेल्या नव्हत्या, पण त्यांच्याइतकं लक्ष देऊन ऐकणारं माणूस मी पाहिलेलं नाही. म्हणाल्या, "म्हणजे इतकी वर्षं मी तळ्यावरच धुणं धूत होती!" आणि दुसऱ्या दिवसापासून त्या दगडावर त्यांनी कपडा आपटू दिला नाही. धुण्यासाठी वेगळी फरशी आली. हा दगड तुळशीजवळ गेला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी टाकून शंख दाखवायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं.

टाकळीचं नाव त्या मुलीला माहीत होतं, कारण भूशास्त्राच्या पुस्तकांत ते आहे. स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर हे दोन मिशनरी 1851 मध्ये तिकडे फिरायला गेले असताना त्यांना दगडात असाच शंख दिसला. 1855 मध्ये नागपूर परिसराच्या दगडांवरचा त्यांचा लेख लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात आला. आपण ऑटोवाल्याला "हिस्लॉप कॉलेज" सांगतो, ते नाव या माणसाचं. टाकळघाटची, प्राचीन दफनांभोवतीची दगडी वर्तुळं पाहून परतताना 1863 मध्ये तो पाण्यात बुडून गेला.

आता दगड दिसायचे तर जमीन दिसायला हवी. रस्त्याला सिमेंट, फुटपाथला पेव्हर ब्लॉक, अंगणात टाइल्स. कडुलिंबाच्या बुंध्याला गळ्याशी येईल असं सिमेंट थापतात, ते पाहून मला फार वाईट वाटतं. झाडाभोवती हातभर माती मोकळी सोडलीच पाहिजे. त्यात कसला आला खर्च?

असो. दगड पाहायचा तर ओला करून पाहा. हे लक्षात ठेवा, ओला करून. कोरड्या दगडावर धूळ असते, रंग कळत नाही, पाणी पडलं की कडा उठतात. सीताबर्डीची टेकडी काळ्या लाव्ह्याच्या दगडाची आहे. पूर्वेकडे गेलात की तो काळा दगड संपतो आणि त्याहून कितीतरी जुना दगड लागतो. लाव्ह्याची पूर्वेकडची कड आपल्या शहरातच आहे.

जुन्या घराची पायरी, कुंपणाची भिंत, विहिरीचा काठ, यांवर पेलाभर पाणी टाकून बघा. हातोडी नेऊ नका, आणि दुसऱ्याची भिंत असेल तर विचारून घ्या. शंख सापडला तर टोक वर येईल असा पाहा आणि तोंड कोणत्या बाजूला आहे ते बघा. बागेत कुंडीखाली मिळणाऱ्या बहुतेक गोगलगायींचं तोंड उजवीकडे असतं. टाकळीच्या त्या शंखाचं डावीकडे असतं. डावीकडे. तुमच्याकडे कोणत्या बाजूला निघालं, ते पत्रानं कळवा. दगड कुठून आणला होता, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून तेही लिहा.

नमस्कार.