२८ दिवसांची ऊब: बदकाची अंडी यंत्रात उबवताना

(दृश्य: उबवण यंत्राच्या काचेतून दिसणारी, आडवी मांडलेली बदकाची अंडी.)

कोंबडीचे पिल्लू २१ दिवसांत अंड्याबाहेर येते. बदकाच्या पिल्लाला त्यासाठी २८ दिवस लागतात आणि मस्कोव्ही जातीच्या बदकाला ३३ ते ३५ दिवस. एका आठवड्याचा हा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण तापमानात किंवा ओलाव्यात राहिलेली बारीकशी चूक या जादा आठवड्यात साठत जाते आणि तिचा परिणाम अगदी शेवटी, पिल्लू बाहेर पडण्याच्या वेळी दिसतो. म्हणूनच कोंबडीची अंडी वर्षानुवर्षे यशस्वीपणे उबवणाऱ्या कुटुंबालाही बदकाची अंडी पहिल्यांदा हाताळताना बरेच काही नव्याने शिकावे लागते.

यंत्राची गरज का पडते, याचे उत्तर बदकांच्या जातींमध्येच आहे. खाकी कॅम्पबेल किंवा इंडियन रनर यांसारख्या अंड्यांसाठी पाळल्या जाणाऱ्या जातींमध्ये पिढ्यान्‌पिढ्या जास्त अंडी देणाऱ्या माद्यांची निवड होत गेली. अंड्यांवर बसलेली मादी त्या काळात अंडी घालत नाही, त्यामुळे या निवडीबरोबर खुडूक बसण्याची ओढही कमी होत गेली. मस्कोव्हीची मादी आजही निष्ठेने अंड्यांवर बसते. इतर बहुतेक पाळीव जातींच्या माद्यांवर मात्र तेवढा भरवसा ठेवता येत नाही. अशा वेळी छोट्या शेतावरचा कळप वाढवायचा, तर आईचे काम यंत्राकडे आणि यंत्र सांभाळणाऱ्या माणसाकडे येते.

(दृश्य: घरट्यात बसलेली मादी, चोचीने अंडे आत ओढून घेताना.)

हे काम नेमके काय आहे, ते घरट्यात पाहावे. मादी छातीची मऊ पिसे उपटून घरट्यात अंथरते, पोटाच्या उघड्या त्वचेची ऊब अंड्यांना देते, चोचीने अंडी वारंवार फिरवते, आणि अधूनमधून त्यांना पिसांनी झाकून खाण्यापिण्यासाठी, अंग भिजवण्यासाठी थोडा वेळ उठून जाते. यंत्रात आपण जे जे करतो, त्यातल्या प्रत्येक गोष्टीचे मूळ या वागण्यात सापडते.

उबवणुकीची तयारी मात्र यंत्रापासून सुरू होत नाही. ती बदकांच्या खुराड्यातल्या जमिनीपासून सुरू होते. बदके बहुतेक अंडी पहाटे किंवा सकाळी लवकर घालतात, आणि कोरडी, स्वच्छ जागा मिळाली नाही तर ती ओल्या, मळलेल्या जमिनीवरही घालतात. अंड्याच्या कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रे असतात. याच छिद्रांतून गर्भाला हवा मिळते आणि घाणीतले जिवाणूही याच वाटेने आत शिरतात. कुजणारे अंडे यंत्राच्या उबेत फुटले, तर आजूबाजूची निरोगी अंडीही दूषित होतात. त्यामुळे रोज सकाळी तूस किंवा वाळलेले गवत बदलणे हे उबवणुकीतले पहिले आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित काम आहे. थोडी मळलेली अंडी कोरड्या, खरखरीत फडक्याने पुसावीत. धुणे अगदी अटळच असेल, तर पाणी अंड्यापेक्षा गरम असले पाहिजे, कारण थंड पाण्याने अंड्यातील भाग आकसतो आणि कवचावरची घाण छिद्रांतून आत ओढली जाते.

निवडलेली अंडी साधारण १३ ते १५ अंश सेल्सिअस तापमानात, टोकदार बाजू खाली ठेवून साठवतात. या तापमानाला गर्भाची वाढ थांबलेली असते, पण तो जिवंत असतो, आणि म्हणूनच वेगवेगळ्या दिवशी घातलेली अंडी एकाच दिवशी यंत्रात ठेवून पिल्ले जवळजवळ एकाच वेळी मिळवता येतात. आठवडाभरापेक्षा जास्त साठवण केली, की पिल्ले मिळण्याचे प्रमाण घटू लागते. फार मोठी, फार लहान, वेडीवाकडी किंवा बारीक तडा गेलेली अंडी सरळ बाजूला काढावीत.

(दृश्य: तापमापक कोमट पाण्याच्या भांड्यात बुडवून पाहणारे हात.)

पंखा असलेल्या यंत्रात तापमान ३७.५ अंश सेल्सिअस ठेवतात. पंखा नसलेल्या यंत्रात गरम हवा वर साचते, त्यामुळे तिथे अंड्यांच्या वरच्या पृष्ठभागाजवळ मोजलेले तापमान साधारण एक अंशाने जास्त ठेवावे लागते. यंत्राच्या दर्शनी पट्टीवर दिसणाऱ्या आकड्यावर विसंबून राहू नये. ताप मोजण्याचा खात्रीचा तापमापक आणि यंत्रातला तापमापक एकाच कोमट पाण्यात धरून दोन्हींची तुलना करावी आणि जो फरक निघेल तो लिहून ठेवावा. रिकामे यंत्र किमान एक दिवस चालवून तापमान स्थिर झाल्याची खात्री पटल्यावरच अंडी आत ठेवावीत. गर्भाला उष्णतेचा अतिरेक थंडीपेक्षा अधिक घातक ठरतो. वीज गेल्यावर काही तास झालेली घट बहुतेक गर्भ सोसतात. झाकण न उघडता, हवेची भोके मोकळी ठेवून यंत्रावर जाड पांघरूण घातले तरी पुष्कळ साधते. तापमान ४० अंशांच्या वर जाऊन तसेच राहिले, तर मात्र नुकसान भरून येत नाही.

अंडी फिरवण्यामागचे कारणही समजून घेण्यासारखे आहे. बलक भोवतालच्या पांढऱ्या भागापेक्षा हलका असल्याने वर तरंगतो आणि त्यावरचा कोवळा गर्भ कवचाच्या आतील पडद्याजवळ येतो. अंडे एकाच स्थितीत राहिले, तर तो पडद्याला चिकटून मरू शकतो. यंत्र स्वतः अंडी फिरवत नसेल, तर अंड्याच्या एका बाजूला पेन्सिलीने फुली आणि दुसऱ्या बाजूला गोल काढावा आणि दिवसातून तीन किंवा पाच वेळा अंडी फिरवावीत. ही संख्या विषम ठेवली, की रात्रीचा लांब काळ अंडे रोज एकाच कुशीवर राहत नाही.

आता ओलाव्याकडे येऊ, कारण बदकाच्या उबवणुकीत सर्वाधिक गैरसमज इथेच आहेत. बदक हा पाण्यातला पक्षी आहे, तेव्हा त्याच्या अंड्यांना भरपूर ओल हवी, असे समजून अनेक जण पहिल्या दिवसापासून यंत्रातली पाण्याची सर्व भांडी काठोकाठ भरतात. वस्तुस्थिती अशी आहे की उबवणुकीच्या काळात अंड्यातले ठरावीक पाणी वाफ होऊन बाहेर गेलेच पाहिजे. ते गेले, तरच अंड्याच्या रुंद टोकाकडची हवेची पोकळी वाढते, आणि पिल्लू आयुष्यातला पहिला श्वास याच पोकळीत घेते. पाणी पुरेसे गेले नाही, तर पोकळी लहान राहते, पिल्लू आतल्या ओलीने सुजते आणि बाहेर पडण्याआधीच गुदमरते. पाणी फार गेले, तर आतला पडदा वाळून चिवट होतो आणि अशक्त झालेले पिल्लू त्यात अडकते.

(दृश्य: लहान वजनकाट्यावर ठेवलेले अंडे, शेजारी वहीतली नोंद.)

याचे उत्तर वजनकाटा देतो. पहिल्या २५ दिवसांत अंड्याचे वजन साधारण १२ ते १४ टक्क्यांनी कमी व्हायला हवे. म्हणजे ८० ग्रॅमचे अंडे पंचविसाव्या दिवशी ६९ ते ७० ग्रॅमच्या आसपास भरले पाहिजे. काही अंड्यांवर खूण करून त्यांचे वजन दर आठवड्याला नोंदवत गेले, की मार्ग लगेच कळतो. घट कमी असेल तर यंत्रातले पाणी कमी करावे, घट जास्त असेल तर वाढवावे. सुरुवात ५५ टक्क्यांच्या आसपासच्या आर्द्रतेने करता येते, पण दोन यंत्रे, दोन ऋतू आणि दोन जातींच्या अंड्यांची कवचे सारखी नसतात. आर्द्रतेचा आकडा हे साधन आहे आणि वजनातली घट हा निकाल आहे, असे मी मानतो.

सातव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत अंडे प्रखर दिव्यासमोर धरले, की फलित अंड्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या पसरलेल्या रक्तवाहिन्या आणि मध्ये हलणारा गडद ठिपका दिसतो. नुसता स्वच्छ, पिवळसर प्रकाश दिसला तर अंडे फलित नाही. रक्ताचे लाल कडे दिसले तर गर्भ सुरुवातीलाच मेला आहे. अशी अंडी काढून टाकावीत. चौदाव्या आणि पंचविसाव्या दिवशी ही तपासणी पुन्हा करतात.

दुसऱ्या आठवड्यापासून अनेक जण दिवसातून एकदा अंडी दहा-पंधरा मिनिटे उघडी ठेवून गार होऊ देतात आणि त्यांच्यावर कोमट पाण्याचा हलका फवारा मारतात. घरटे सोडून गेलेली आणि ओल्या अंगाने परतलेली मादी, हा या पद्धतीचा आधार आहे. ती प्रत्येक यंत्रात लागतेच असे नाही, आणि तिच्याशिवायही चांगली पिल्ले निघतात. ज्यांना ती करायची आहे, त्यांनी वजनाची नोंद सोडू नये.

(दृश्य: पंचविसावा दिवस. फिरवण्याची यंत्रणा काढून टाकली जाते.)

पंचविसाव्या दिवशी फिरवणे थांबवून अंडी आडवी ठेवतात, आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर नेतात आणि हवेची भोके अधिक मोकळी करतात, कारण पूर्ण वाढलेल्या पिल्लांना आता प्राणवायू खूप लागतो. यानंतरचा काळ सांभाळणाऱ्याची खरी परीक्षा पाहतो, कारण आता करण्यासारखे फार थोडे उरते आणि वाट पाहणे मात्र लांबते.

आत घडणारी घटना विलक्षण क्रमाने घडते. आतल्या हवेत कार्बन डायऑक्साइड वाढू लागतो, मानेमागचा खास फुगलेला स्नायू झटके देऊ लागतो आणि पिल्लू चोचीच्या टोकावरच्या कठीण कणाने आधी आतला पडदा फोडते. आता त्याचे तोंड हवेच्या पोकळीत असते आणि फुप्फुसे पहिल्यांदा कामाला लागतात. अंडे कानाशी धरले तर चिवचिव ऐकू येते. या आवाजाचे महत्त्व मोठे आहे. अमेरिकी संशोधक गिल्बर्ट गॉटलीब यांनी बदकांवर केलेल्या प्रयोगांत असे दिसले की कवचात असताना स्वतःचा आणि भावंडांचा आवाज ऐकू न आलेली पिल्ले पुढे बदकीण आईची हाक आणि कोंबडीची हाक यांत नीट फरक करू शकत नाहीत. आईविना यंत्रात वाढणाऱ्या या अंड्यांना निदान एकमेकांचा आवाज मिळत असतो, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

मग कवचावर पहिला टोचा पडतो, आणि त्यानंतर बहुधा काहीच घडत नाही. एक दिवस जातो, कधी दीड, कधी दोन. बाहेरून पिल्लू अडकल्यासारखे वाटते, पण आत अत्यंत आवश्यक काम चाललेले असते. कवचालगतच्या पडद्यातल्या रक्तवाहिन्यांमधले रक्त पिल्लाच्या शरीरात परतत असते आणि उरलेला बलक बेंबीवाटे पोटात ओढला जात असतो. या वेळी दया येऊन कवच सोलले, तर जिवंत रक्तवाहिन्या तुटून पिल्लू रक्तस्रावाने दगावू शकते. झाकण उघडणेही टाळावे; आतली ओल क्षणात निघून जाते आणि टोचा पडलेल्या इतर अंड्यांचे पडदे वाळून पिल्लांना आवळून धरतात. सगळे नीट झाले, की पिल्लू आतल्या आत गोल फिरत रुंद टोकाचे कवच कापत जाते आणि पायांनी ढकलून टोपण उघडते.

(दृश्य: ओले पिल्लू, नंतर तेच पिल्लू वाळलेले, उभे राहण्याचा प्रयत्न करताना.)

पोटातल्या बलकावर पिल्लू एक-दोन दिवस अन्नाविना सहज राहते, म्हणून पूर्ण वाळेपर्यंत त्याला यंत्रातच राहू द्यावे. पुढे ब्रूडरमध्ये, म्हणजे पिल्लांना ऊब देणाऱ्या पेटीत किंवा जागेत, पहिल्या आठवड्यात ३० ते ३२ अंशांची ऊब लागते आणि ती दर आठवड्याला साधारण तीन अंशांनी उतरवत नेतात. जमीन गुळगुळीत असेल तर पाय फाकून कायमचे अधू होतात, म्हणून खाली खरखरीत कापड घालावे. पाण्याचे भांडे इतके खोल हवे की नाकपुड्या बुडवून धुता येतील, आणि इतके अरुंद की पिल्लू आत पडणार नाही. आईची ऊब नसलेले पिल्लू भिजले तर लवकर गारठते. खाद्यात नायसिन या जीवनसत्त्वाची कोंबडीच्या पिल्लांपेक्षा अधिक गरज असते, आणि ते कमी पडले तर पाय दुबळे व वाकडे होतात.

(दृश्य: रिकामे यंत्र, बशीत ठेवलेली न फुटलेली अंडी.)

तिसाव्या दिवशी यंत्रात काही अंडी उरलेली असतात. दिव्यासमोर धरून आत हालचाल नाही याची खात्री झाल्यावर ती फेकून न देता उघडून पाहावीत. हे काम जड जाते, पण तेवढी माहिती दुसऱ्या कशातूनही मिळत नाही. गर्भ पहिल्याच आठवड्यात मेलेले असतील, तर साठवणूक किंवा सुरुवातीचे तापमान तपासावे. पूर्ण वाढलेली, ओली आणि सुजलेली पिल्ले आढळली, तर आर्द्रता जास्त झाली होती. पडद्यात सुकून अडकलेली आढळली, तर ती कमी पडली होती, किंवा शेवटच्या दिवसांत झाकण वारंवार उघडले गेले होते. चोच रुंद टोकाऐवजी टोकदार बाजूला असेल, तर अंडी कशी ठेवली आणि कशी फिरवली, याकडे पाहावे. हे सारे वजनाच्या नोंदींशेजारी वहीत लिहून, यंत्र धुऊन, जंतुनाशकाने पुसून, उन्हात पूर्ण वाळवूनच पुढची अंडी ठेवावीत.