मेलेल्या बॅक्टेरियाची बाजू

पत्रिकेवर विषय छापलाय, जीवाणूंच्या बायोमासने जड धातू काढणे, प्रयोगशाळेतून प्लान्टपर्यंत. म्हणजे सांडपाण्यातलं शिसं, कॅडमियम वगैरे बॅक्टेरियाच्या पेशींवर पकडायचं. प्लान्टपर्यंत जाऊच आपण, पण आधी एक गोष्ट बोलू द्या, बरीच वर्षं डोक्यात बसलीय.

जपानमध्ये मिनामाताच्या पाऱ्याने आणि जिन्झू नदीतल्या कॅडमियमने माणसं आजारी पडली, हे इथे कुणाला नव्याने सांगायला नको. सेंद्रिय घाण कुजते, संपते. धातू मूलद्रव्य आहे, तो संपत नाही, एका जागेवरून उचलून दुसरीकडे ठेवता येतो एवढंच. म्हणजे आपल्याला हवंय काय, तर पकडणारं काहीतरी.

तर आम्ही एका ठिकाणी प्रस्ताव दिला, मारून वाळवलेल्या बॅसिलस या बॅक्टेरियाच्या पावडरीने शिसं काढायचं. समितीतले एक ज्येष्ठ म्हणाले, मेलेले बॅक्टेरिया काम काय करणार? मी म्हटलं, सर, त्यांना काम करायचंच नाहीये, नुसतं धरून ठेवायचंय. (तुम्ही हसताय, तिथे कुणी हसलं नाही हो.) "जिवंत कल्चर वापरावे" असा शेरा मारून प्रस्ताव परत. मला अजून राग येतो, कारण जिवंत ठेवायचं म्हणजे त्यांना खायला घाला, पीएच सांभाळा, तापमान सांभाळा, आणि मुळात इतक्या विषारी पाण्यात ते जगले तर पाहिजेत ना! मेलेल्याला विष काय करणार? शिवाय फर्मेंटेशनच्या कारखान्यांतून असला बायोमास ढिगाने बाहेर पडतो, टाकूनच देतात तो.

आणि हे नवीन नाही. बेव्हरिज आणि मरे या संशोधकांनी १९७६ मध्येच बॅसिलस सबटिलिसच्या नुसत्या पेशीभित्तिका वेगळ्या काढून दाखवलं की त्या धातू धरतात. आत पेशी नाहीच, फक्त भिंत! भिंत ज्यांची बनते त्यातल्या पेप्टिडोग्लायकनचे कार्बॉक्सिल गट, टायकोइक आम्लाचे फॉस्फेट गट, सगळा ऋणभार, त्यावर धनभारित आयन येऊन बसतात. जिवंतपणाचा संबंध येतो कुठे? हां, पाऱ्याचं वेगळं आहे, 'मर' (mer) नावाचे, पाऱ्याला तोंड देणारे जीन्स असलेले जिवंत बॅक्टेरिया पाऱ्याच्या आयनाचं वाफ होणाऱ्या पाऱ्यात रूपांतर करतात, ते मेलेल्याला जमत नाही, पण मग ती वाफ पुन्हा पकडा.

किती वेळ राहिला? पाच मिनिटं? बरं, मग भराभर.

एक, टक्केवारीवर भाळू नका. "९९ टक्के शिसं काढलं" असं प्रत्येक पोस्टरवर असतं. लिटरला १० मिलिग्रॅम शिसं होतं, ९९ टक्के काढलं, उरलं ०.१ मिलिग्रॅम, म्हणजे १०० मायक्रोग्रॅम, आणि पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेचं मूल्य आहे १० मायक्रोग्रॅम. दहापट जास्त! वर त्या लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम पावडर टाकली असेल तर ग्रॅममागे जेमतेम दोन मिलिग्रॅम धातू धरला. त्यामुळे ग्रॅमला किती मिलिग्रॅम आणि शेवटी पाण्यात किती उरलं, हे दोनच आकडे विचारा.

दुसरं, पीएच. फार आम्लात प्रोटॉनच जागा अडवतात, शिसं-कॅडमियम बसायला साधारण ४ ते ६ बरं. सहा संयुजेचं क्रोमियम उलट, ते ऋणभारित असतं, त्याला आम्लच लागतं, आणि बायोमास त्याचं क्षपणही करतो, म्हणजे त्याला तीन संयुजेचं करतो. डिस्टिल्ड वॉटरमध्ये एकच धातू घालून काढलेले आकडे खऱ्या सांडपाण्यात टिकत नाहीत, तिथे कॅल्शियम-मॅग्नेशियम रांगेत उभे असतात.

आता प्लान्ट. सुटी पावडर कॉलममध्ये, म्हणजे ज्यातून पाणी सोडतात त्या उभ्या नळीत, भरली की चोंदते, म्हणून कॅल्शियम अल्जिनेटचे, म्हणजे समुद्री शेवाळापासून मिळणाऱ्या जेलचे, मणी करून त्यात बसवायची. मणी भरले की सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने धुवायचे, धातू थोड्याशा पाण्यात गोळा होऊन परत मिळतो, मणी पुन्हा वापरात. प्रत्येक फेरीला क्षमता थोडी घटते, ती मोजा आणि लिहा, कारण खर्च तिथेच ठरतो. आणि शेवटी निकामी झालेले मणी घातक कचराच आहेत, ते कुठे जाणार हे प्रस्तावातच लिहायचं, प्रश्नोत्तरांत नाही.