नाव बदलले, शब्द राहिले

नमस्कार श्रोतेहो. आज गाण्यांच्या नावांविषयी आणि बोलांविषयी बोलायचे आहे, आणि त्यासाठी निवडला आहे न्यूयॉर्कचा 'रमोन्स' हा पंक रॉक बँड. पंक म्हणजे छोटी, वेगवान, साध्या सुरावटींची आणि बंडखोर बाण्याची रॉक गाणी, एवढे समजले की पुरे. १९७४ साली क्वीन्स भागातल्या फॉरेस्ट हिल्स या वस्तीतल्या चार तरुणांनी हा बँड काढला, चौघांनीही रमोन हे एकच आडनाव लावले, आणि प्रत्यक्षात कुणाचे कुणाशी नाते नव्हते. जोई, जॉनी, डी डी आणि टॉमी. त्यांतली दोन नावे आज पुन्हा पुन्हा येतील, तेवढी लक्षात असू द्या: गाणारा जोई आणि गिटार वाजवणारा जॉनी.

रमोन्सचे चाहते एकत्र जमले, की गप्पा सुरावटींवर फार रेंगाळत नाहीत, कारण तिथे बोलण्याजोगे लवकर संपते. गप्पा रंगतात त्या नावांवर. १९७६ सालच्या पहिल्या अल्बममधली चौदा गाणी अर्ध्या तासाच्या आत आटोपतात. त्यांतल्या एका गाण्याच्या नावातच तळघरात जायला नकार आहे, दुसऱ्याच्या नावात कुणाबरोबर तरी फिरायला नकार आहे, तिसऱ्यात मात्र प्रियकर होण्याची इच्छा आहे. आणि दोन वर्षांनी आलेल्या एका गाजलेल्या गाण्यात थेट गुंगीचे औषध मागितले आहे. या बँडला काय हवे आणि काय नको, याची यादी केवळ गाण्यांच्या नावांवरून करता येते, आणि चाहते ती हौसेने करतात. त्या फिरायला नकार देणाऱ्या गाण्यात तर नावाचीच ओळ पुन्हा पुन्हा येते, आणि तिच्या जोडीला 'मग तुला माझ्याबरोबर का फिरायचे आहे' असा एक प्रश्न. बाकी काही नाही. 'जुडी इज अ पंक' या गाण्यात जोई गाता गाताच जाहीर करतो, की दुसरे कडवे पहिल्यासारखेच आहे, आणि ते खरोखरच तसे असते. पुढे तिसरे कडवे वेगळे असल्याची घोषणा होते, तेव्हा एका शहराच्या जागी दुसरे शहर, एका मंडळीच्या जागी दुसरी मंडळी येते आणि काम भागते. थोडक्यात सांगायचे, तर रमोन्सच्या बाबतीत नाव म्हणजे अर्धे गाणे. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल: नाव म्हणजे अर्धे गाणे.

त्याच अल्बमचे पहिले गाणे 'ब्लिट्झक्रिग बॉप'. त्याचे बोल मुख्यतः टॉमीने लिहिले, पण नाव दिले डी डीने, आणि एका ओळीत मागे ओरडणारे लोक होते, तिथे पाठीत गोळ्या घालण्याची भाषा आणली तीही डी डीने. साध्या नाचाच्या गाण्यावर अशा रीतीने जर्मन रणनीतीचे नाव बसले. अल्बमच्या शेवटच्या गाण्यातही बोल जर्मन सैनिकाच्या तोंडी घातले आहेत. डी डीचे वडील अमेरिकन सैनिक, आई जर्मन, आणि त्याचे बालपण बरेचसे जर्मनीत गेलेले; युद्धाचे अवशेष त्याने लहानपणी पाहिलेले होते. जोई ज्यू कुटुंबातला, टॉमीही ज्यू आणि जन्माने बुडापेस्टचा. तेव्हा ही सारी थट्टा कुणाच्या तोंडी किती शोभते, यावर चाहते आजही हमरीतुमरीवर येतात. माझे मत विचाराल, तर १९७६ साली या पोरांना धक्का द्यायचा होता, त्यापलीकडे त्यात फार खोल शिरण्यात अर्थ नाही.

सुरुवातीच्या अल्बमवर गाण्यांचे श्रेय चौघांच्या मिळून नावावर असे, त्यामुळे कोणते गाणे कुणाचे, हे ओळखण्याचा छंदच चाहत्यांना जडला. येथे थोडे विषयांतर करतो. गाणे लागण्यापूर्वी गीतकाराचे नाव सांगणे, ही आकाशवाणीची जुनी आणि अत्यंत चांगली रीत आहे. हल्लीचे काही निवेदक गीतकारच काय, गाण्याचे नावही गिळून टाकतात आणि त्या जागी स्वतःचा विनोद ऐकवतात. असो. रमोन्सकडे परत येऊ.

आता ज्या गोष्टीसाठी हा विषय निवडला, ती गोष्ट. साल १९८५. महायुद्ध संपल्याला मे महिन्यात चाळीस वर्षे पूर्ण होणार होती, आणि अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन पश्चिम जर्मनीच्या दौऱ्यावर जाणार होते. चान्सलर हेल्मुट कोल यांच्या आग्रहाखातर बिटबुर्ग गावाजवळच्या सैनिकी दफनभूमीत पुष्पचक्र वाहण्याचे ठरले. मग बातमी फुटली, की तिथल्या सुमारे दोन हजार थडग्यांमध्ये ४९ थडगी वाफेन एसएस या नाझी दलाच्या सैनिकांची आहेत. अमेरिकेत गदारोळ उडाला. त्यात रेगन यांनी एप्रिलमध्ये असे विधान केले, की तिथे पुरलेले तरुण सैनिकदेखील छळछावण्यांतल्या बळींइतकेच नाझीवादाचे बळी होते. दुसऱ्याच दिवशी छळछावणीतून वाचलेले लेखक एली विझेल यांचा व्हाइट हाउसमध्ये सन्मान व्हायचा होता. विझेल यांनी सन्मान स्वीकारला, आणि भरसमारंभात अध्यक्षांना समोरासमोर विनवले, की ती जागा आपली नव्हे, तिथे जाऊ नका. रेगन तरीही गेले. ५ मे रोजी ते आधी बेर्गन-बेल्सन या छळछावणीच्या जागी गेले आणि मग बिटबुर्गला.

जोईने हे सारे टीव्हीवर पाहिले आणि तो संतापला. तो, डी डी आणि निर्माता जाँ बोव्हार या तिघांनी मिळून गाणे रचले, आणि नाव ठेवले 'बॉन्झो गोज टू बिटबुर्ग'. आता हा बॉन्झो कोण? रेगन पूर्वी नट होते, आणि १९५१ सालच्या 'बेडटाइम फॉर बॉन्झो' या चित्रपटात त्यांच्याबरोबर एक चिंपांझी होता. त्या चिंपांझीचे नाव बॉन्झो, आणि विरोधकांनी तेच नाव अध्यक्षांना चिकटवले होते. गाण्यात बॉन्झो बिटबुर्गला जातो आणि तिथून चहा प्यायला निघून जातो. पाहणाऱ्याला मात्र टीव्हीसमोर बसल्या बसल्या काहीतरी खुपत राहते. भाषण नाही, घोषणा नाही. दफनभूमी आणि लगेच चहा, इतकेच. रमोन्सच्या साऱ्या बोलांत मला ही जागा सर्वांत धारदार वाटते.

पण बँडमध्ये जॉनी होता. जॉनी म्हणजे गिटारवाला. जॉनी कट्टर रिपब्लिकन, म्हणजे रेगन यांच्याच पक्षाचा, आणि रेगन हे त्याच्या हयातीतले सर्वांत चांगले अध्यक्ष, असे त्याचे ठाम मत. जोईची मते नेमकी उलट. त्याआधीच एका मुलीवरून दोघांत फाटले होते. जोईची मैत्रीण पुढे जॉनीची पत्नी झाली. दोघे एकाच गाडीतून गावोगाव हिंडत, रोज रात्री एकाच मंचावर उभे राहत, आणि एकमेकांशी बोलत मात्र नसत. एका छताखाली दोन चुली म्हणतात, तशातला प्रकार. आणि आता जॉनीच्या बँडच्या नावावर, जॉनीच्या आवडत्या अध्यक्षांना चिंपांझीचे नाव देणारे गाणे आले होते.

१९८५ साली ते गाणे इंग्लंडमध्ये एकल तबकडी म्हणून निघाले. अमेरिकेत ते एकल तबकडी म्हणून निघालेच नाही. आयात केलेल्या प्रती तिकडे गेल्या आणि महाविद्यालयांच्या रेडिओ केंद्रांनी त्या वाजवल्या. पुढच्या वर्षी 'अ‍ॅनिमल बॉय' हा अल्बम निघायची वेळ आली, तेव्हा जॉनीने नाव बदलण्याचा हट्ट धरला. बोल बदलायला सांगितले नाही, चाल बदलायला सांगितली नाही. नाव बदलायला सांगितले. त्याला पक्के ठाऊक होते, की रमोन्सच्या बाबतीत नाव म्हणजे अर्धे गाणे. तेव्हा गाण्यातलीच एक ओळ उचलून शीर्षकाच्या जागी ठेवली गेली: 'माय ब्रेन इज हँगिंग अपसाइड डाउन'. डोके उलटे टांगले गेले आहे, अशा अर्थाची ही ओळ. एखाद्या दौऱ्यात थकलेल्या गायकाचीही वाटावी, इतकी निरुपद्रवी. आणि जुने नाव गेले कंसात. पुसले गेले नाही, कंसात गेले. जोईचा संताप कंसात, जॉनीची अब्रू कंसाबाहेर, आणि गाणे सुरू झाल्यावर जोई मनसोक्त बॉन्झोचे नाव घेतच राहतो. तडजोड कशी असते, हे पाहायचे असेल, तर त्या अल्बमची गाण्यांची यादी पाहावी.

या भांडणाची सावली एका आधीच्या गाण्यावरही पाडली जाते, तेही सांगून टाकतो. १९८१ सालचे 'द के के के टुक माय बेबी अवे' हे गाणे जॉनीने मैत्रीण पळवल्याबद्दल जोईने त्याला मारलेला टोमणा आहे, असे असंख्य चाहते छातीठोकपणे सांगतात. के के के म्हणजे अमेरिकेतली 'कू क्लक्स क्लॅन' ही गोऱ्यांची वर्णद्वेषी संघटना. जोईच्या भावाने सांगितलेली हकीकत वेगळी आहे. तिच्यानुसार गाण्याचे मूळ जोईच्या एका जुन्या कृष्णवर्णीय मैत्रिणीत आहे. मला भावाचे म्हणणे पटते. वर्णद्वेषी संघटनेचे नाव घेणारे गाणे वर्णद्वेषाबद्दलच असावे, यात अवघड काय आहे? पण भांडणाची कथा चटकदार आहे, आणि ती सांगणारे मागे हटत नाहीत.

जोई २००१ मध्ये वारला. पुढच्या वर्षी रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये बँडचा सन्मान झाला, तेव्हा जॉनीने मंचावरून अध्यक्ष बुश यांच्यासाठी ईश्वराचे आशीर्वाद मागितले. जॉनी २००४ मध्ये गेला. गाणे मात्र दोन्ही नावांनिशी शिल्लक आहे, आणि चाहत्यांच्या तोंडी ते नुसते 'बॉन्झो' आहे. जवळपास चार मिनिटांचे, म्हणजे रमोन्सच्या मानाने चांगलेच लांबलचक. ते आपल्याला ऐकायचे असेल, तर 'अ‍ॅनिमल बॉय'च्या यादीत पहिल्याच शब्दात बॉन्झोला शोधू नका. 'माय ब्रेन'पासून सुरू होणारे नाव पाहा आणि कंसापर्यंत वाचा. नमस्कार.