जे घरी सांगता येत नाही

(जागतिक आत्महत्या प्रतिबंध दिनानिमित्त सोलापुरात झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार. आज इथे मागच्या रांगांत कॉलेजची मुलं बसली आहेत आणि पुढे त्यांचे आईवडील, आजीआजोबा शोभतील अशी मंडळी. दोघं एकत्र आलात याचं मला फार बरं वाटलं, कारण मी जे बोलणार आहे ते यांनाही ऐकायचं आहे आणि त्यांनाही.

विषय सरळच मांडते. जीव द्यावा असं ज्यांच्या मनात येतं, त्यातली बरीच माणसं, विशेषतः तरुण, हे आईला सांगत नाहीत, मित्राला सांगत नाहीत, डॉक्टरला तर नाहीच नाही. ती सांगतात मोबाइलवर, ज्याचं खरं नावही माहीत नाही अशा कुणाला तरी. स्पर्धा परीक्षेच्या टेलिग्राम ग्रुपवर, गेम खेळता खेळता हेडफोनवर, इन्स्टाग्रामवर दुसऱ्याच नावाने उघडलेल्या खात्यावरून. घरच्यांना हे कळतं तेव्हा पहिला उद्गार ठरलेला असतो, "आम्ही काय मेलो होतो? परक्याला सांगितलं, आम्हाला नाही?" त्यात दुःख असतं आणि अपमानही असतो. मला आज त्या परक्या माणसाबद्दल बोलायचं आहे.

आधी आकडा सांगते, म्हणजे हे चार घरांचं प्रकरण नाही हे लक्षात येईल. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशात 1,70,924 माणसं आत्महत्येने गेली. त्यातली 22,746 महाराष्ट्रातली, म्हणजे सगळ्या राज्यांत सर्वांत जास्त. एक तृतीयांशाहून अधिक जण 18 ते 30 या वयाचे. अहवालात कारणांचे रकाने असतात, कौटुंबिक प्रश्न, आजारपण वगैरे. पण जाण्याआधी त्या माणसाने कुणाला काही सांगितलं होतं का, याचा रकाना त्यात नसतो. माझ्या कामात मला सगळ्यात जास्त त्याचीच माहिती हवी असते.

मग परकाच का? आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातलं, विडी आणि यंत्रमाग कामगारांच्या वस्तीतलं घर डोळ्यांसमोर आणा. दोन खोल्या, माणसं सहा. बाहेरच्या खोलीत आई विड्या वळत बसलेली, वडील लूमवरून आले की तिथंच आडवे होणार. शेजारच्या घरात शिंकलं तर इकडे ऐकू येतं. अशा घरात वीस वर्षांच्या पोराने रडायचं कुठं? त्याला मिळणारा एकांत म्हणजे पांघरुणातला मोबाइल, तेवढाच. बंगल्यातल्या पोरांचं वेगळं असतं असं समजू नका. तिथं खोली स्वतंत्र असते, पण "लोक काय म्हणतील" हे तिथंही दार न वाजवता आत येतं. बहिणीचं लग्न ठरताना हे निघालं तर? आई ऐकून कोसळली तर? वडिलांनी देवऋषाकडे नेलं तर? परक्याला यातलं काही लागू नाही. त्याला तुमचं आडनाव, जात, गल्ली काही ठाऊक नाही. तो रडणार नाही, कपाळ बडवून घेणार नाही आणि उद्या चौकात भेटणारही नाही.

जॉन सुलर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 2004 मध्ये यावर नेमकं लिहून ठेवलं आहे. नाव लपलेलं असतं, चेहरा दिसत नसतो, उत्तर लगेच द्यावं लागत नाही, म्हणून माणूस समोरासमोर कधी बोलला नसता ते पडद्यावर बोलून जातो. याला दोन्ही बाजू आहेत असंही तो सांगतो. याच मोकळेपणात कुणी मन रितं करतं आणि कुणी विष ओततं.

परक्याजवळ मन मोकळं करणं आपल्याला नवं नाही. एसटीत शेजारी बसलेल्या बाईला पंढरपूर येईपर्यंत अख्खा संसार सांगून मोकळ्या होणाऱ्या बायका आपण सगळ्यांनी पाहिल्यात. जगातली आत्महत्या रोखण्याची पहिली मोठी टेलिफोन सेवासुद्धा परक्याच्या कानावरच उभी राहिली. चॅड व्हाराह नावाचे एक इंग्रज धर्मगुरू होते. 1935 मध्ये, अगदी तरुण असताना, त्यांना एका चौदा वर्षांच्या मुलीचे अंत्यविधी करावे लागले. तिला पाळी सुरू झाली होती. आपल्याला काहीतरी वाईट रोग झाला असं तिला वाटलं, आणि विचारायला कुणी नव्हतं म्हणून तिने जीव दिला. एवढ्या साध्या अज्ञानापायी! व्हाराह ते विसरले नाहीत. 1953 मध्ये लंडनच्या एका चर्चमध्ये टेलिफोन ठेवून त्यांनी समॅरिटन्स नावाच्या या सेवेचं काम सुरू केलं. लोक फोन करत, प्रत्यक्षही येत. व्हाराहंना भेटायला ताटकळत बसलेल्यांना चहा द्यायला काही स्वयंसेवक असत. काही दिवसांनी त्यांच्या लक्षात आलं, की चहा घेता घेता स्वयंसेवकांशी बोलूनच अनेकांचं मन हलकं होतं आणि ते आत न येताच घरी जातात. पुढच्याच वर्षी त्यांनी फोन त्या स्वयंसेवकांच्या हाती सोपवला. ते स्वयंसेवक डॉक्टर नव्हते, समुपदेशक नव्हते. ते ऐकत होते, एवढंच.

तेव्हा तुमच्या पोराने परक्याला सांगितलं यात त्याचा गुन्हा नाही. उलट, जो सांगतो त्याच्यातला काही भाग अजून जगण्याच्या बाजूने बोलत असतो असं मी धरून चालते. पुढे काय होणार, त्यात पलीकडून काय उत्तर येतं याला फार महत्त्व आहे.

एक प्रसंग सांगते. परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही. माझ्याकडे एक मुलगी आली. खुर्चीवर बसायच्या आधीच तिने मोबाइल पुढे केला, "मॅडम, हे बगा की. मी कायतरी चुकीचं बोलले का?" पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींचा तो ग्रुप होता. मध्यरात्र उलटल्यावर एकाने लिहिलं होतं, "ग्राउंड निघालं, पेपर गेला. वय पण संपलं. आता घरी तोंड दाखवायचं नाही. सगळ्यांना राम राम." खाली हसणारे चेहरे. कुणी लिहिलं, "नौटंकी." कुणी उगवत्या सूर्याचं चित्र टाकलं, त्यावर हार मानू नका वगैरे. कुणी लिहिलं, "भावा, आईबापाचा विचार कर." हे शेवटचं वाक्य चांगल्या मनाने लिहिलेलं असतं, पण मला ते फार खुपतं. आपण आईबापांवर ओझं झालोय, हेच त्या पोराच्या डोक्यात महिनोन्महिने चाललेलं असतं. त्या ओझ्यावर आपण आणखी एक वीट ठेवतो.

या मुलीने ग्रुपवर काहीच लिहिलं नाही. तिने त्याला वेगळा मेसेज केला, "जेवलास का?"

तो म्हणाला, "नाही." "कधीपासून?" "काल दुपारपासून." मग तिने लिहिलं, "तू जीव द्यायचा विचार करतोयस का? स्पष्ट विचारते, राग मानू नको." त्यानंतर बराच वेळ स्क्रीनवर तो काहीतरी टाइप करतोय असं दिसत राहिलं, थांबलं, परत दिसलं. शेवटी उत्तर आलं, "हो." तिने विचारलं, "आत्ता कुठं आहेस? सोबत कोण आहे?" तो दुसऱ्याच जिल्ह्यात भाड्याच्या खोलीत होता आणि रूम पार्टनर झोपलेला होता. "त्याला उठव. मी इथंच आहे. उठवलं की मला सांग." काही वेळाने एका वेगळ्याच आवाजातला, झोपेने जड झालेला मेसेज आला, "ताई, मी आहे याच्याजवळ. नाही सोडत." सकाळी थोरला भाऊ जाऊन त्याला घेऊन आला. आता त्याच्यावर उपचार चालू आहेत.

या मुलीने कुठंही शिक्षण घेतलेलं नव्हतं, पण तिचा एक एक प्रश्न नीट बघा. तिने उपदेश केला नाही. "आत्महत्या" हा विचार शब्दात मांडून विचारायला ती घाबरली नाही. असं विचारलं तर नसलेला विचार डोक्यात भरेल, ही भीती आपल्याकडे घट्ट बसली आहे, शिक्षकांतसुद्धा. न्यूयॉर्क राज्यातल्या सहा शाळांमध्ये 2,342 विद्यार्थ्यांवर याची तपासणी झाली आणि ती 2005 मध्ये प्रसिद्ध झाली. निम्म्यांना आत्महत्येबद्दल थेट प्रश्न विचारले, निम्म्यांना नाही. दोन दिवसांनी पाहिलं तर विचारल्यामुळे कुणाचा त्रास वाढलेला दिसला नाही. जी मुलं आधीपासून खचलेली होती, त्यांना तर विचारल्यामुळे थोडं बरंच वाटलेलं दिसलं. तेव्हा विचारा. आडून नको, सरळ विचारा. आणि तिने जे सगळ्यात मोठं काम केलं ते म्हणजे ती एकटी राहिली नाही. त्याच्या शेजारी जिवंत माणूस उभा करेपर्यंत तिने पिच्छा सोडला नाही.

आता दुसरी बाजू. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात एक पुरुष परिचारक होता. चाळिशीतला, बायकामुलं असलेला. इंटरनेटवर तो स्वतःला निराश तरुण नर्स म्हणवून घ्यायचा, दुःखी माणसं हेरायचा, "मीही तुझ्यासोबत येते" असं खोटं वचन द्यायचा आणि त्यांना मृत्यूकडे ढकलायचा. इंग्लंडमधला एक तरुण 2005 मध्ये आणि कॅनडातली एक विद्यार्थिनी 2008 मध्ये गेली, तेव्हा दोघांच्याही पलीकडे हाच होता. त्याला हुडकलं ते इंग्लंडच्या खेड्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेने. पोलीस दाद देत नव्हते तरी तिने चिकाटी सोडली नाही. 2011 मध्ये तो दोषी ठरला, पुढे अपिलात बराच कीस पडला, पण त्याचा खोटेपणा जगापुढे आला. आपल्याकडे आत्महत्येला प्रवृत्त करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 108 खाली गुन्हा आहे आणि दहा वर्षांपर्यंत कैद आहे. मागे बसलेल्या मुलांनो, "मर की मग" असं गंमत म्हणून लिहिणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवा. आणि कुणी तुम्हाला "तुला फक्त मीच समजू शकतो, दुसऱ्या कुणाला सांगू नको" असं म्हणायला लागलं, की तो माणूस कितीही गोड बोलू दे, तिथून बाहेर पडा. खरा हितचिंतक तुमच्याभोवतीची माणसं वाढवतो, कमी करत नाही.

लोक मला विचारतात, मोबाइलवरचा मेसेज बघून आपण करणार काय, माणूस शेकडो किलोमीटर लांब. 2021 च्या जानेवारीत धुळ्यातला एक तरुण फेसबुकवर थेट प्रक्षेपण करत जीव द्यायला निघाला होता. ते फेसबुकच्या आयर्लंडमधल्या माणसांनी पाहिलं, मुंबईच्या सायबर पोलिसांना कळवलं, तिथून निरोप धुळ्याला गेला आणि पोलिसांनी त्याला वाचवलं. आयर्लंडमधून धुळे गाठता येत असेल तर सोलापुरातून कुठलंही गाव गाठता येतं. जीव धोक्यात आहे असं दिसलं तर 112 लावा. ग्रुपच्या ॲडमिनला उठवा, नंबर मिळवा, गाव विचारा. "कुणाला सांगू नको" असं वचन त्याने मागितलं तरी देऊ नका, आणि दिलं असेल तर मोडा.

"पोलीस केस होईल" ही भीती अजून घराघरात आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017 मध्ये झाला. त्याचं कलम 115 सांगतं, की आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरायचं आणि त्याची काळजी घेणं, उपचार देणं ही सरकारची जबाबदारी. आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा ठरवणारं जुन्या दंड संहितेतलं 309 कलम 1 जुलै 2024 पासूनच्या नव्या संहितेत त्या रूपात उरलेलंच नाही. लपवू नका, दवाखान्यात न्या.

"ज्याला मरायचंय तो आज नाही तर उद्या मरणारच" हेही एक वाक्य मी लग्नात, मर्तिकात, सगळीकडे ऐकते. ते खरं नाही. कॅलिफोर्नियाचे संशोधक रिचर्ड सायडन यांनी, अगदी शेवटच्या क्षणी अडवून परत आणलेल्या 515 लोकांचं पुढे काय झालं याचा माग काढला आणि 1978 मध्ये निष्कर्ष मांडले. त्यांतले नव्वद टक्क्यांहून अधिक एकतर जिवंत होते किंवा नैसर्गिक कारणांनी गेले होते. ती तिडीक, तो अंधार उतरतो. तो उतरेपर्यंत कुणीतरी सोबत लागतं.

एक नंबर प्रत्येकाने आत्ता, माझ्यासमोर मोबाइलमध्ये साठवा: 14416. ही केंद्र सरकारची मानसिक आरोग्यासाठीची टेलिमानस फोन सेवा, 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू असलेली, दिवसरात्र आणि मोफत. आपल्या शहरासाठी मुद्दाम सांगते, तिथं मराठीप्रमाणेच तेलुगू आणि कन्नडमध्येही बोलता येतं. ज्या आजीला दुःख तेलुगूतच सांगता येतं, तिलाही हा नंबर द्या. स्वतःसाठी लावा, आणि कुणाचं ऐकून तुमची झोप उडाली असेल तर त्यासाठीही लावा. ती मुलगी माझ्याकडे आली तेव्हा तिचे हात थरथरत होते, तिलाही कुणीतरी हवं होतं.

(व्याख्यानानंतर एका पालकांनी विचारले: "मुलगा रात्रभर कुणाशी तरी बोलत असतो. मोबाइल काढून घेऊ का?")

नका घेऊ, निदान तडकाफडकी तरी नको. कदाचित त्याच्याकडे बोलायला तेवढं एकच माणूस असेल. आज घरी गेल्यावर त्याच्याजवळ बसा आणि म्हणा, "तुझ्या मनात काहीही असलं तरी मला सांग, मी ओरडणार नाही, तुझ्या आईलाही घाबरवणार नाही." आणि मग खरंच ओरडू नका. तो दोनदा "काही नाही" म्हणेल, तिसऱ्यांदा परत विचारा. जीव द्यायचा विचार येतो का, हे त्याच शब्दांत विचारा. हो म्हणाला, तर घरातल्या घातक वस्तू कुलपात टाका, त्याला रात्री एकटं ठेवू नका आणि दुसऱ्या दिवसाची वाट न बघता मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. खाजगी परवडत नसेल तर सिव्हिलमध्ये मानसोपचार विभाग आहे, तिथं केसपेपर काढा. काकाला किंवा शेजाऱ्याला पाठवू नका, तुम्ही स्वतः रजा टाकून जा.