मीटिंगमधली शांत खुर्ची

(दृश्य : लांबट टेबल, सहा खुर्च्या, उघडे लॅपटॉप. भिंतीवरच्या पडद्यावर कामाचं वेळापत्रक.)

मीटिंग संपत आली आहे. टीम लीडर पडद्यावरच्या शेवटच्या ओळीकडे बोट दाखवतो आणि विचारतो, "चालेल ना सगळ्यांना? कुणाला काही बोलायचंय?" दोन सेकंद जातात. तिसऱ्या सेकंदाला तो लॅपटॉप मिटतो.

टेबलाच्या टोकाला बसलेली एक जण पूर्ण वेळ वहीत काहीतरी लिहीत होती. रात्री साडेदहाला तिचा मेल येतो. छोटा आणि मुद्देसूद. वेळापत्रकातल्या चौथ्या टप्प्याला जी माहिती लागणार आहे, ती सहाव्या टप्प्यात तयार होणार आहे. म्हणजे चौथा टप्पा ठरल्या दिवशी सुरूच होऊ शकत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी लीडर तिच्या टेबलापाशी येतो. वैतागलेला आहे, आणि मनातून थोडा ओशाळलेलाही. तो विचारतो, "मग काल मीटिंगमध्ये का नाही बोललीस?"

ही फिल्म या एका प्रश्नाविषयी आहे. जगातल्या कुठल्याही ऑफिसात तो ऐकू येईल. त्यात एक गृहीत दडलेलं असतं, की जे मला सहज जमतं ते समोरच्यालाही सहज जमत असणार. हा लीडर बोलता बोलता विचार करतो. ती विचार पूर्ण झाल्यावर बोलते. त्या दिवशी तिचा विचार पूर्ण व्हायला रात्रीचे साडेदहा वाजले.

(दृश्य : जुन्या वैद्यकीय ग्रंथांतली रेखाचित्रं.)

व्यक्ती तितक्या प्रकृती, असं आपण लहानपणापासून ऐकतो. तरीही माणसांचे मोजके प्रकार पाडायची ओढ फार जुनी आहे. दुसऱ्या शतकातला वैद्य गॅलन याच्या परंपरेत स्वभावाचं नातं शरीरातल्या चार द्रवांशी जोडलं गेलं : रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त. पुढे वैद्यकशास्त्र बदललं, ते द्रव मागे पडले. चार हा आकडा मात्र लोकांच्या मनातून गेला नाही.

१९२८ मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम मार्स्टन यांनी सामान्य माणसांच्या भावनांवर एक पुस्तक लिहिलं. त्यांची मांडणी दोन प्रश्नांवर उभी होती. आजूबाजूची परिस्थिती माणसाला अनुकूल वाटते की प्रतिकूल? आणि त्या परिस्थितीपुढे तो स्वतःला बलवान समजतो की दुबळा? दोन प्रश्नांच्या दोन-दोन उत्तरांतून वागण्याच्या चार तऱ्हा निघाल्या. मार्स्टन यांनी त्यावर स्वतः चाचणी काढली नाही. ते काम पुढच्या लोकांनी केलं. आज प्रशिक्षणवर्गांमध्ये 'डिस्क' या नावाने जे शिकवलं जातं, त्याचं मूळ इथे आहे.

या चार शैलींना आपण साध्या शब्दांत वर्चस्व, प्रभाव, स्थैर्य आणि काटेकोरपणा म्हणू. व्याख्या पाठ करण्यापेक्षा एक प्रसंग पाहू. टीमला सांगितलं जातं, "काम दोन आठवडे आधी द्यायचं आहे."

(दृश्य : चार चेहरे, एकामागून एक.)

पहिली म्हणते, "ठीक आहे. काय काय वगळायचं ते आत्ताच ठरवू." दुसरा खुर्चीतून उठतोच, "अरे, जमेल! मी बाकीच्या विभागांशी बोलतो." तिसरा काही क्षण गप्प राहतो आणि मग विचारतो, "म्हणजे ज्यांनी सुट्टी घेतली आहे त्यांचं काय करायचं?" चौथी वही उघडते, "दोन आठवडे म्हणजे नेमकी तारीख कोणती? आणि तपासणीचे दिवस त्यात धरलेत का?"

चौघांनाही काम वेळेत व्हायला हवं आहे. पण पहिलीला चौथी कामात खोडा घालणारी वाटते. चौथीला पहिली बेफिकीर वाटते. तिसऱ्याच्या मनात येतं, की दुसरा नुसताच बोलतो. दुसऱ्याला तिसऱ्यामध्ये उत्साह कधी दिसतच नाही. खरं म्हणजे या घडीला चारही प्रश्न टेबलावर यायला हवेत. काय वगळायचं, कुणाची मदत घ्यायची, माणसांवर काय ताण पडेल, तारीख कोणती. यातला एक जरी सुटला, तरी दोन आठवड्यांनी तोच अडचण होऊन समोर उभा राहतो.

माझ्या मते अशा शैलींचा खरा उपयोग इथे आहे. "हा मुद्दाम असं करतो" असं वाटत होतं, त्या जागी "याची पद्धत अशी आहे" हे कळतं. राग थोडा कमी होतो. तेवढ्यानेही कामाला वाट मिळते.

मात्र इथेच थांबलं, तर मोठी चूक होते.

(दृश्य : जाडजूड शब्दकोश. पानं उलटली जात आहेत.)

१९३६ मध्ये गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक चिकाटीचं काम केलं. इंग्रजीचा एक मोठा शब्दकोश घेऊन त्यांनी माणसाचं वागणं, स्वभाव, वृत्ती सांगणारे शब्द वेचून काढले. यादी १७,९५३ शब्दांवर गेली. त्यांचा विचार असा होता, की माणसामाणसांतला जो फरक महत्त्वाचा असतो, त्याला भाषेत कधीतरी नाव मिळालेलं असतंच. पुढच्या काही दशकांत अनेक संशोधकांनी अशा शब्दांची चाळण केली. कोणते शब्द एकत्र येतात, कोणते वेगळे राहतात हे आकडेशास्त्राने तपासलं. त्यातून पाच ठळक गुण वर आले : नव्या अनुभवांविषयी खुलेपणा, कर्तव्यदक्षता, बहिर्मुखता, मनमिळाऊपणा आणि भावनिक अस्थिरता.

हे पाच गुण म्हणजे पाच खोके नव्हेत. ती उंचीसारखी मोजमापं आहेत. उंचीच्या बाबतीत आपण माणसांचे 'उंच' आणि 'बुटके' असे दोनच प्रकार मानत नाही, कारण बहुतेक माणसं मधे असतात. बहिर्मुखतेचंही तसंच आहे. टोकाला असणारे थोडे, मधे असणारे पुष्कळ. आता मधल्या जागी रेघ मारून एका बाजूला 'अंतर्मुख' आणि दुसऱ्या बाजूला 'बहिर्मुख' अशी पाटी लावली, तर रेघेला अगदी चिकटून बसलेली दोन माणसं एकमेकांसारखी असूनही वेगळ्या खोक्यांत जातात. प्रकार पाडणाऱ्या चाचण्यांचं हेच दुखणं आहे. तीच चाचणी काही आठवड्यांनी पुन्हा दिली की अनेकांचा प्रकार बदललेला निघतो. माणूस बदललेला नसतो. तो रेघेच्या जवळ उभा असतो.

या पाचांतला एक गुण कामाच्या दृष्टीने वेगळा ठरला. मरे बॅरिक आणि मायकल माउंट यांनी १९९१ मध्ये आधीची बरीच संशोधनं एकत्र करून तपासली. कर्तव्यदक्षतेचा चांगल्या कामाशी असलेला संबंध त्यांना सगळ्या व्यवसायगटांत आढळला. मीटिंगमध्ये कोण किती बोलतो हे लगेच दिसतं. घेतलेलं काम कोण शेवटपर्यंत नेतो हे दिसायला महिने जातात. म्हणून आपण पुष्कळदा पहिल्या गोष्टीवरून दुसरीचा अंदाज बांधतो, आणि बढतीच्या वेळी तो अंदाज महागात पडतो.

(दृश्य : वर्गखोली. प्रत्येकाच्या हातात एक कागद.)

आता १९४८ चा एक प्रयोग. मानसशास्त्राचे प्राध्यापक बर्ट्राम फोरर यांनी आपल्या वर्गातल्या ३९ विद्यार्थ्यांकडून व्यक्तिमत्त्वाची चाचणी भरून घेतली आणि नंतर प्रत्येकाच्या हातात त्याचं स्वभाववर्णन ठेवलं. हे वर्णन तुम्हाला किती लागू पडतं, असं विचारलं. पाचपैकी सरासरी ४.२६ गुण मिळाले. आणि मग उलगडा झाला, की सगळ्यांना दिलेलं वर्णन एकच होतं. त्यातली बरीच वाक्यं भविष्याच्या एका पुस्तकातून उचललेली होती.

म्हणून चाचणीचा निकाल हातात आल्यावर "अगदी माझंच वर्णन!" असं वाटणं, हा त्या चाचणीच्या अचूकतेचा पुरावा होऊ शकत नाही. व्यवस्थापकाने हे ध्यानात ठेवायलाच हवं. "ती अंतर्मुख आहे, तिला सादरीकरण नको द्यायला" हे वाक्य काळजीपोटी बोललं जातं. पण त्या वाक्याने एका माणसाची संधी जाते, आणि बहुधा तिला ते कळतही नाही. शैलीची चाचणी बोलण्याची सुरुवात म्हणून वापरावी. नोकरी कुणाला द्यायची, बढती कुणाला, हे त्यावरून ठरवणं मला अन्यायाचं वाटतं.

(दृश्य : गजबजलेलं ऑफिस. एक मॅनेजर टेबलांमधून फिरते आहे.)

मग नेता कसा असावा? बोलका, धडाडीचा, सगळ्यांत मिसळणारा, असं उत्तर बहुतेक जण देतील. ॲडम ग्रँट, फ्रान्सेस्का जिनो आणि डेव्हिड हॉफमन यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हेच उत्तर तपासलं गेलं. पिझ्झा घरपोच देणाऱ्या एका साखळीच्या ५७ शाखा त्यांनी पाहिल्या. जिथले कर्मचारी सांगितलं तेवढं करणारे होते, तिथे बहिर्मुख व्यवस्थापकाच्या शाखेला जास्त नफा झाला. पण जिथले कर्मचारी स्वतःहून सूचना करत, नवे मार्ग सुचवत, तिथे चित्र उलटं होतं. तिथे बहिर्मुख व्यवस्थापकाच्या हाताखाली नफा कमी आढळला. सूचना करणारी माणसं आणि सतत स्वतःच बोलणारा साहेब, यांचं गणित जमत नाही.

म्हणजे नेत्याची शैली चांगली की वाईट, हे टीमकडे पाहिल्याशिवाय सांगताच येत नाही. कुर्ट लेविन यांनी १९३६ मध्येच हे एका छोट्या सूत्रात बांधलं होतं : वागणं हे व्यक्ती आणि तिची परिस्थिती या दोघांवर अवलंबून असतं. आपण सगळा वेळ व्यक्तीवर बोलतो. परिस्थिती मात्र बऱ्याच अंशी नेत्याच्याच हातात असते. मीटिंग किती वाजता, विषय आधी कळवला का, पहिलं कोण बोललं, प्रश्नानंतर किती वेळ थांबलो, हे सगळं त्यात आलं.

टीम कशी जमवायची, यावरही एक डोळे उघडणारा अनुभव नोंदलेला आहे. इंग्लंडमधल्या हेन्ली इथल्या व्यवस्थापन महाविद्यालयात मेरेडिथ बेल्बिन व्यवस्थापकांच्या टीम करून त्यांना व्यवसायाचा खेळ खेळायला लावत. त्यांनी सर्वांत तल्लख बुद्धीची माणसं एकत्र करून काही टीम मुद्दाम बांधल्या. अशा २५ टीमपैकी फक्त ३ जिंकल्या. प्रत्येक जण दुसऱ्याच्या म्हणण्यातली चूक शोधण्यात हुशार होता, आणि निर्णय काही होत नसे. कल्पना काढणारा, ती पारखणारा, जुळवून घेणारा, काम शेवटाला नेणारा अशा वेगवेगळ्या भूमिकांची माणसं लागतात, हा बेल्बिन यांचा निष्कर्ष त्यातूनच पुढे आला.

आणि ती माणसं मिळाली, तरी त्यांना बोलू द्यावं लागतं. २०१० मध्ये ॲनिटा वूली आणि सहकाऱ्यांनी ६९९ लोकांना दोन ते पाच जणांच्या गटांत काम दिलं. ज्या गटात बोलण्याची पाळी सगळ्यांना सारखी मिळाली, तो गट एकूण जास्त हुशार ठरला. एक-दोघांनीच संभाषण व्यापलं, की गटाची बुद्धी घसरली.

(दृश्य : खिडकीशी ठेवलेली एक रिकामी खुर्ची.)

मी स्वतः काही वर्षं एक छोटी टीम सांभाळत होते. टीममधला एक सहकारी प्रत्येक नव्या कामावर डझनभर प्रश्न विचारायचा. मला तो विरोध वाटायचा. हळूहळू मी त्याला उशिरा सांगू लागले, मग कमी सांगू लागले. एकदा त्याने शांतपणे मला म्हटलं, "मी प्रश्न विचारतो, कारण एकदा हो म्हटलं की ते काम माझं होतं." ते वाक्य मी विसरलेले नाही. त्यानंतर मी काम सांगण्याआधी त्याला एक पानाचं टिपण पाठवायला लागले. प्रश्न तेवढेच यायचे, पण आदल्या दिवशी आणि लेखी. त्यातले निम्मे तरी मला स्वतःला पडायला हवे होते.

असे बदल फार मोठे नसतात. मीटिंगचा विषय आदल्या दिवशी कळवायचा. चर्चेआधी पाच मिनिटं सगळ्यांनी आपापलं मत कागदावर लिहायचं आणि मगच बोलायला सुरुवात करायची. नेत्याने आपलं मत शेवटी मांडायचं, कारण साहेब बोलले की अर्ध्या टेबलाचं मत ठरून जातं. आणि ताणाच्या दिवसांत जास्त जपायचं. एरवी ठाम असणारा माणूस तेव्हा हुकूम सोडू लागतो, काटेकोर माणूस एकाच तपशिलात अडकतो, जुळवून घेणारा मनात ठेवून गप्प होतो. त्या दिवसांतलं वागणं पाहून कुणाच्या स्वभावावर शिक्का मारू नये.

यात मला सर्वांत मोलाचा वाटतो एक प्रश्न. तो चाचणीशिवायही विचारता येतो. सगळ्यांनी एकत्र बसून एकमेकांना विचारायचं : "माझ्यासोबत काम करताना तुम्ही काय सांभाळावं?"

(दृश्य : तीच मीटिंगची खोली. लॅपटॉप बंद. प्रत्येकाच्या हातात एक चिठ्ठी. एकेक जण वाचतो.)

"चूक दाखवायची असेल तर एकटीला बोलावून सांगा. सगळ्यांसमोर नको."

"मी विनोद करतो म्हणजे काम गंभीरपणे घेत नाही, असं समजू नका."

"ठरलेलं बदलणार असाल तर कारण सांगा. कारण कळलं की मी बदलतो."

टेबलाच्या टोकाला बसलेली ती म्हणते, "मला विचार करायला वेळ लागतो. मी गप्प असले तर माझं पटलंय असं धरू नका. संध्याकाळपर्यंत थांबा."

शेवटी लीडरची पाळी येते. त्याच्या चिठ्ठीवर काहीच लिहिलेलं नाही. तो थोडा वेळ कागदाकडे पाहत राहतो. यावेळी बाकीचे थांबतात.

"मी घाईत असलो की माझा आवाज चढतो," तो म्हणतो. "तो राग तुमच्यावर नसतो. पण तसं वाटलं, तर मला तिथल्या तिथे सांगा."