फाइल दिल्लीत, माणूस कोपरखैरण्यात

(आश्रयार्थी कुटुंबांसोबत काम करू इच्छिणाऱ्या स्वयंसेवकांपुढे ठाण्यात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

‘सरकारी काम, सहा महिने थांब’ असे आपण सहज म्हणतो. म्हणताना फारसे वाईटही वाटत नाही, कारण सहा महिने थांबूनही आपले घर आपलेच असते, पगार चालू असतो आणि मुलांच्या शाळेला धक्का लागत नाही. आज ज्यांच्याविषयी मी बोलणार आहे त्यांची अनेक वर्षे एका कागदाची वाट पाहण्यात गेली आहेत, आणि जिथून जीव वाचवून आलो तिथे परत जावे लागणार की नाही, हे त्या कागदावर ठरायचे आहे. समुपदेशक म्हणून अशा एका कुटुंबाच्या घरी माझे जाणे-येणे आहे. त्यांच्या परवानगीने बोलते आहे, पण नावे सांगणार नाही.

आधी कायद्याची बाजू थोडक्यात सांगते. निर्वासितांविषयीचा १९५१ चा आंतरराष्ट्रीय करार आणि त्याला जोडलेला १९६७ चा पूरक करार, या दोहोंवर भारताची सही नाही आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. तिबेटी आणि श्रीलंकेतून आलेल्या तमिळ लोकांची व्यवस्था सरकार स्वतः पाहते. अफगाणिस्तान किंवा म्यानमारमधून आलेल्या माणसाला मात्र संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक उच्चायुक्तांच्या कार्यालयात, म्हणजे यूएनएचसीआरकडे, अर्ज करावा लागतो. तिथे नोंदणी होते, मुलाखत होते, आणि मग निर्णयाची वाट पाहणे सुरू होते. निर्णय होईपर्यंत तो माणूस आश्रयार्थी, म्हणजे अर्ज विचाराधीन असलेला. मान्यता मिळाली की निर्वासित. तरीही संविधानातील जीविताच्या हक्काचे कलम २१ केवळ नागरिकांपुरते नाही, ते प्रत्येक व्यक्तीला लागू आहे, आणि चकमा निर्वासितांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये हे स्पष्ट केले आहे. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठीचा शिक्षणहक्क कायदाही ‘प्रत्येक मूल’ असेच म्हणतो. शाळेत प्रवेशासाठी जाताना हे दोन आधार तोंडपाठ असू द्या.

आता त्या कुटुंबाकडे येते. मुलगा काबूलहून विद्यार्थी व्हिसावर नवी मुंबईत शिकायला आला होता. २०२१ च्या उन्हाळ्यात आई हृदयाच्या उपचारांसाठी वैद्यकीय व्हिसावर त्याच्याकडे आली. १५ ऑगस्ट २०२१ रोजी काबूल तालिबानच्या ताब्यात गेले आणि परतीची तिकिटे काढलेली ही दोन माणसे कोपरखैरण्यातल्या भाड्याच्या खोलीत अडकली. वडील पूर्वीच्या सरकारच्या नोकरीत होते, त्यामुळे परतण्याचा प्रश्नच उरला नाही आणि दोघांनी यूएनएचसीआरच्या दिल्लीतल्या कार्यालयात अर्ज केला. मोठी बहीण त्याआधीच अमेरिकेत पोहोचली होती; तिने २०१७ मध्ये तिथे आश्रयाचा अर्ज केला होता. म्हणजे एका घरातल्या तीन माणसांचे भवितव्य दोन देशांतल्या दोन फायलींत आहे.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा खोलीत कपाट नव्हते. पलंगाखाली दोन बॅगा होत्या, त्यांतून कपडे काढायचे, धुऊन वाळवून पुन्हा त्यांतच भरायचे. मोबाइल उशाशी, आवाज पूर्ण मोठा, कारण दिल्लीहून फोन आला आणि तो घेतला गेला नाही तर काय, ही धास्ती. मुलगा आंघोळीला जाताना फोन आईच्या हातात देत असे. त्याला झोप किती लागते असे विचारले तेव्हा त्याने सांगितले की शनिवारी रात्री बरी लागते, कारण रविवारी कार्यालय बंद असते.

हे उत्तर मी विसरू शकलेले नाही. वाट पाहण्याचा त्रास केवळ लांबीमुळे होत नाही. बारा वर्षांच्या गृहकर्जाचे हप्ते आपण शांतपणे फेडतो, कारण शेवटच्या हप्त्याची तारीख माहीत असते. इथे रोजच्या रोज निकाल लागू शकतो आणि रोज तो लागत नाही. नेदरलँड्समधील इराकी आश्रयार्थींच्या दोन गटांची तुलना करणारा एक अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. येऊन सहा महिनेही न झालेल्यांपैकी शंभरातल्या सुमारे ४२ जणांना मानसिक आजार आढळला, तर दोन वर्षांहून अधिक काळ थांबलेल्यांमध्ये हे प्रमाण सुमारे ६६ होते. सुरक्षित देशात पोहोचल्यावर माणूस काळाबरोबर सावरेल असे आपण धरून चालतो. नुसते थांबवून ठेवले तर तो खचत जातो.

बहिणीची गोष्ट वेगळ्या तऱ्हेने कठीण आहे. जानेवारी २०१८ मध्ये अमेरिकेच्या आश्रय कार्यालयांनी ताजे अर्ज आधी हाती घेण्याचे धोरण पुन्हा लागू केले, त्यामुळे तिचा २०१७ चा अर्ज नव्या अर्जांखाली दबत गेला. रांगेत आधी उभे राहिल्याची ही शिक्षा तिला अजून पचलेली नाही. त्या वेळच्या नियमाप्रमाणे अर्जाला १५० दिवस झाल्यावर कामाच्या परवान्यासाठी विनंती करता येई आणि १८० दिवसांनंतर तो मिळू शके; तो मिळाल्यामुळे ती नोकरी करते आणि इथले घरभाडे भरते. पण पूर्वपरवानगीशिवाय देश सोडला तर अर्ज सोडून दिल्याचे मानले जाते, म्हणून आईच्या शस्त्रक्रियेला ती येऊ शकली नाही. शस्त्रक्रिया होईपर्यंत तिचा भाऊ इथे रुग्णालयाच्या जिन्यात फोन धरून उभा होता आणि ती तिथे रात्रभर तो कानाला लावून बसली होती. दोघेही काही बोलत नव्हते.

आता मुख्य मुद्दा. या काळात अर्जाची काळजी आणि माणसाची काळजी अशी दोन खाती आपण करतो, आणि वकिलाने एक पाहावे, समुपदेशकाने दुसरे पाहावे असे वाटते. माझ्या अनुभवात ती एकाच वहीत बसतात. आश्रयाच्या अर्जात बहुतेक वेळा साक्षीदार नसतात; अर्जदाराचे सांगणे हाच मोठा पुरावा असतो, आणि ते सांगणे पुन्हा पुन्हा, मध्ये बराच काळ लोटल्यावर करावे लागते. कोसोव्हो आणि बोस्नियातील निर्वासितांवरचा एक ब्रिटिश अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. एकाच माणसाने एकच घटना दोन मुलाखतींत सांगितली तरी तपशिलांत फरक पडतो, असे त्यात दिसले. मानसिक आघाताची लक्षणे तीव्र असलेल्यांच्या बाबतीत दोन मुलाखतींमधले अंतर वाढले तसे हे फरकही वाढले. म्हणजे विलंब माणसाला आजारी करतो, आजार स्मरणाला धक्का लावतो, आणि स्मरणातली फट पुढे खोटेपणाची खूण म्हणून वाचली जाण्याचा धोका राहतो.

म्हणून आम्ही एक वही केली. साधी दोनशे पानी, खाकी कव्हरची. तो दारी भाषेत, उजवीकडून डावीकडे लिहितो, त्यामुळे आपल्या लेखी जे शेवटचे पान, तिथून त्याची वही सुरू होते. काय घडले ते त्याने एकदाच, सावकाश, स्वतःच्या शब्दांत लिहिले. जे आठवत नाही तिथे ‘आठवत नाही’ असेच लिहायचे, हा एकच नियम मी घातला होता, कारण रिकामी जागा अंदाजाने भरणे हे सर्वांत घातक ठरते. तारखांपाशी मात्र आम्ही फार वेळ थांबलो. त्याच्या मनातल्या तारखा अफगाण सौर पंचांगाच्या आहेत; काबूल पडले तो दिवस त्याच्या लेखी २४ असद १४००. आपल्याकडे ‘प्लेगच्या साली, माघात’ असे सांगणाऱ्या आजीची जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर कशी उतरत असे, हे आठवून पाहा. पहिल्या मुलाखतीसाठी त्याने घाईत केलेल्या रूपांतरात दोन तारखा महिनाभराने चुकल्या होत्या. त्या लपवायच्या नाहीत, चूक कशी झाली ते लिहून कार्यालयाला कळवायचे, असे ठरवून आम्ही तसे पत्र पाठवले. त्या आठवड्यात तो सलग सहा तास झोपला असे आईने मला सांगितले.

वहीच्या दुसऱ्या टोकाकडून, म्हणजे आपल्या पहिल्या पानापासून, रोजचा व्यवहार आहे. कोणते पत्र कधी पाठवले, पोच मिळाली का, डॉक्टरांची चिठ्ठी कुठे आहे, पत्ता बदलल्याचे कधी कळवले. पत्त्याकडे विशेष लक्ष द्या. आपल्याकडे घरांचे भाडेकरार अकरा महिन्यांचे, आणि परदेशी माणूस ठेवला की घरमालकाला चोवीस तासांत त्याची माहिती सरकारला कळवावी लागते, त्यामुळे मालक बिचकतात आणि घर वारंवार बदलते. त्यात एक पत्र जुन्या पत्त्यावर गेले की संधी हुकते. फाइल पुढे कधी सरकेल त्यावर त्याचा ताबा नाही, पण चौकशीचा ईमेल महिन्यातून एकदा, पहिल्या सोमवारी, पाठवायचा आणि बाकीचे दिवस त्या विषयाला हात लावायचा नाही, एवढे त्याच्या हाती आहे. फोन आता रात्री स्वयंपाकाच्या ओट्यावर असतो.

गेल्या वर्षी त्यांनी कपाट घेतले. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातून, लोखंडी, दोन दारांचे. ते आणताना मी त्याला सांगितले की हे गाव मुळात कल्याण कॅम्प, फाळणीनंतर सिंधहून आलेल्या निर्वासितांची छावणी. उल्हासनगर हे नाव १९४९ मध्ये पडले. मागे राहिलेल्या मालमत्तेच्या नुकसानभरपाईचा कायदा १९५४ मध्ये झाला, पण त्यासाठी न थांबता लोकांनी पापड लाटले, दुकाने थाटली. त्याने ऐकून घेतले आणि विचारले, त्यांना काम करायची मुभा होती ना? होती, ते नागरिक होते. त्याला नाही. तेव्हापासून मी हे उदाहरण कोणालाही प्रेरणा म्हणून देत नाही, आणि आपणही देऊ नये अशी विनंती आहे. ज्याचे हात बांधलेले आहेत त्याला उद्योगी माणसांच्या गोष्टी टोचतात.

‘काय झाले तुमचे?’ हा प्रश्नही टाळावा. शेजारी मायेनेच विचारतात, पण त्याला दिवसातून चार वेळा ‘अजून काही नाही’ म्हणावे लागते. त्याच्या इमारतीतल्या एका काकूंनी हे ओळखले. त्या जेवणाचे विचारतात, आणि नातवाचे इंग्रजी घ्यायला त्याला संध्याकाळी बोलावतात. पैसे घ्यायचे नाहीत हे त्याला पक्के ठाऊक आहे. पण साडेसहा वाजता आपली कोणीतरी वाट पाहते आहे, एवढ्याने त्याचा दिवस उभा राहतो.

पुढच्या महिन्यात त्याची दुसरी मुलाखत आहे. तो कल्याणहून पंजाब मेलने दिल्लीला जाईल, आपल्यापैकी एकाने सोबत जायला हवे, आणि परतीच्या गाडीतही तो एकटा नसावा, कारण मुलाखतीत सगळे पुन्हा सांगून झाल्यानंतरची रात्र सर्वांत जड जाते. त्या चार दिवसांत आईकडेही कोणीतरी राहावे लागेल. त्यांना हिंदी बऱ्यापैकी समजते, मराठी थोडी. रक्त पातळ ठेवण्याची गोळी रात्री नऊला असते. ती कपाटाच्या वरच्या खणात, वहीशेजारी आहे.