उमेदवाराला पाडतं कोण? धुळे, मुक्ताईनगर, अक्कलकुवा आणि आमच्या गावचा एक बूथ

राम राम मंडळी. आज माझ्या हातात हा कागद आहे, कॅमेऱ्यात नीट दिसतोय का बघा, याला फॉर्म २० म्हणतात, म्हणजे निवडणूक झाल्यावर कुठल्या बूथवर कुणाला किती मतं पडली त्याचा सरकारी तक्ता. हा कोणालाही बघता येतो, निवडणूक अधिकाऱ्यांच्या वेबसाईटवर पडलेला असतो, आणि तरी आपल्यातले नव्याण्णव टक्के लोक आयुष्यात एकदाही तो उघडत नाहीत. निकालाच्या दिवशी टीव्हीवर जे सांगतात आणि संध्याकाळी व्हॉट्सॲपवर जे फिरतं, त्यालाच आपण निकाल समजतो.

तर ४ जून २०२४ ची संध्याकाळ. मी गावी होतो, शिंदखेडा तालुक्यात. माझे मोठे काका आहेत, त्यांना आम्ही सगळे जिभाऊ म्हणतो, ते ओट्यावर खाट टाकून बसलेले, मोबाईल डोळ्याजवळ धरलेला. धुळे लोकसभेचा निकाल लागला होता, भाजपचे खासदार डॉ. सुभाष भामरे पडले, काँग्रेसच्या शोभा बच्छाव आल्या, फरक फक्त ३,८३१ मतांचा. आणि जिभाऊंच्या मोबाईलवर मेसेज आला की पाच विधानसभांमध्ये भामरे पुढे होते, एकट्या मालेगाव मध्यने पाडलं, "त्यांनी" पाडलं, म्हणजे तिथल्या मुसलमानांनी. जिभाऊंनी तो मेसेज माझ्यासमोर चार ग्रुपवर पुढे पाठवला. त्यातल्या एका ग्रुपवर आमच्या गावचे मोटार रिवाइंडिंगवाले चाचा पण आहेत. तीस वर्षं जिभाऊंच्या विहिरीवरची मोटार त्यांनीच भरलीय. चाचांनी मेसेज वाचला, निळी टिक आली, उत्तर काही दिलं नाही, आणि रात्री ते ग्रुपमधून बाहेर पडले.

मला हा व्हिडिओ करावासा वाटला तो त्या निळ्या टिकेमुळे. कारण तो मेसेज अर्धा खरा होता, आणि अर्ध्या खऱ्या गोष्टीने गावातली जी माणसं तुटतात ती लवकर जुळत नाहीत.

[स्क्रीनवर: धुळे लोकसभा, २०१९ आणि २०२४]

खरं काय ते आधी सांगतो. धुळे लोकसभेत सहा विधानसभा येतात. धुळे शहर, धुळे ग्रामीण, शिंदखेडा या तीन आपल्या धुळे जिल्ह्यातल्या, आणि मालेगाव मध्य, मालेगाव बाह्य, बागलाण या नाशिक जिल्ह्यातल्या. पाच ठिकाणी भामरे पुढे होते, मिळून साधारण १ लाख ९० हजारांनी. आणि मालेगाव मध्यमध्ये बच्छाव यांना १ लाख ९८ हजारांच्या वर मतं पडली आणि भामरेंना पाच हजारसुद्धा नाही. हे आकडे खरे आहेत, तिथे एकगठ्ठा मतदान झालं हे मी नाकारत नाही, कुणी नाकारूही नये. त्यात भर म्हणजे २०१९ ला वंचित बहुजन आघाडीचा उमेदवार उभा होता आणि त्याने मतं घेतली होती, २०२४ ला वंचितच्या उमेदवाराचा अर्जच बाद झाला, त्यामुळे विरोधातली मतं फुटायला जागा राहिली नाही.

पण थांबा. मालेगाव मध्य काही २०२४ मध्ये नकाशावर आलेलं नाही. २०१९ लाही ते याच मतदारसंघात होतं आणि तेव्हाही तिथे भामरे मागेच होते, तरी ते निवडून आले, आणि कितीने, तर २ लाख २९ हजार मतांनी! आता तुम्हीच हिशोब करा. एका ठिकाणी मागे राहूनही एकूण २ लाख २९ हजारांनी पुढे, म्हणजे बाकीच्या पाच ठिकाणची आघाडी २ लाख २९ हजारांहून नक्कीच मोठी होती. आणि २०२४ ला त्याच पाच ठिकाणची आघाडी १ लाख ९० हजारांवर आली. ती कुणी कमी केली? ती तर आपल्याच गावांनी कमी केली ना!

अजून एक आकडा सांगतो आणि हा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. भामरेंना २०१९ ला ६ लाख १३ हजार ५३३ मतं होती. २०२४ ला ५ लाख ८० हजार ३५. पाच वर्षांत मतदार यादी वाढली, अठरा वर्षांची पोरं नव्याने यादीत आली, आणि उमेदवाराची मतं मात्र ३३ हजारांनी घटली. बच्छाव जिंकल्या त्या ५ लाख ८३ हजार ८६६ मतांवर. म्हणजे भामरेंनी स्वतःची २०१९ ची मतं जरी टिकवली असती, एकही नवीन मत मिळवलं नसतं, तरी ते आरामात आले असते, मालेगाव मध्यने काहीही केलं असतं तरी.

आता ही ३३ हजार मतं गेली कुठे हा खरा प्रश्न आहे, आणि तो टीव्हीवर कुणी विचारला नाही.

२०२४ ची निवडणूक कशी होती आठवा. जानेवारीत राम मंदिर झालं, मग "चारशे पार" आलं, मग संविधान बदलणार, आरक्षण जाणार, इकडून हे तिकडून ते. सगळं भाषण देशाचं. आणि आपल्या घरात काय होतं? कापूस. ज्यांच्या घरात मे महिन्यात कापूस पडून होता त्यांना विचारा, रात्री झोपताना अंगाला खाज सुटते, लहान पोरांच्या अंगावर पुरळ येतं, पाव्हणे आले तर बसायला जागा नाही. २०२२ ला याच कापसाला दहा हजारांच्या वर भाव मिळालेला, म्हणून माणूस थांबला, आणि २०२३-२४ चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता ७,०२० रुपये. तिकडे बागलाण, मालेगाव बाह्य हा सगळा कांद्याचा पट्टा, तिथे डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी लागली ती उठली ४ मे ला, आणि मतदान २० मे ला. चाळीत कांदा सडलेला माणूस पंधरा दिवसांत सगळं विसरेल असं ज्यांना वाटलं, त्यांनी शेतकरी जवळून बघितलेला नाही.

पण असा माणूस लगेच दुसऱ्या पक्षाला मत देतो का? सगळे देत नाहीत. आपल्याकडे बरेच जण काय करतात, तर जातच नाहीत. ४२-४३ च्या उन्हात चिठ्ठी खिशात ठेवून घरीच बसतात, टेबलावरची पोरं बोलवायला आली की "येतो, तुम्ही व्हा पुढे" म्हणतात. हे भांडण नसतं, याची बातमी होत नाही, पण नाकारणं म्हणतात ते हेच, आणि माझ्या मते उमेदवाराला सगळ्यात जास्त हेच लागतं.

[स्क्रीनवर: मुक्ताईनगर २०१९]

बरं, हे एकाच पक्षाच्या बाबतीत होतं असं समजू नका, आणि एकाच वर्षी झालं असंही नाही. जरा पूर्वेला चला, तापी-पूर्णेच्या काठी, मुक्ताईनगरला, जुनी माणसं अजून एदलाबादच म्हणतात. २०१९ ची लोकसभा आठवतेय ना? पुलवामा, बालाकोट, त्या निवडणुकीत घराघरात दोन गट पडले होते. मे मध्ये रावेरमधून भाजपच्या रक्षा खडसे ३ लाख ३५ हजारांच्या वर लीडने आल्या. आणि ऑक्टोबरमध्ये, म्हणजे फक्त पाच महिन्यांनी, त्याच पक्षाच्या, त्याच घरातल्या रोहिणी खडसे मुक्ताईनगर विधानसभेला पडल्या, १,९५७ मतांनी. जिथून नाथाभाऊ, म्हणजे एकनाथ खडसे, १९९० पासून सलग निवडून येत होते तिथून!

मग पाच महिन्यांत लोकांची देशभक्ती कमी झाली का? अजिबात नाही. एप्रिलमध्ये माणसाने देशाचा प्रश्न बघून मत दिलं, ऑक्टोबरमध्ये आमदाराचा प्रश्न बघून दिलं. पक्षाने नाथाभाऊंचं तिकीट कापून मुलीला दिलं, त्यामुळे स्वतःची माणसं गोंधळली, आणि समोर शिवसेनेचे चंद्रकांत पाटील अपक्ष म्हणून उभे राहिले, तर राष्ट्रवादीनेही त्यांनाच पाठिंबा दिला. म्हणजे विरोधातली मतं एका जागी आली आणि पक्षाची स्वतःची मतं थोडी सैल पडली. एवढं झालं की तीस वर्षांचा गड जातो. दोन हजार मतं म्हणजे किती, दोन-तीन मोठी गावं.

[स्क्रीनवर: नंदुरबार आणि अक्कलकुवा २०२४]

आता नंदुरबार, आणि इथे मला जरा जास्त वेळ द्यायचाय कारण इथे एकाच वर्षात दोन्ही बाजू पडल्या.

१३ मे २०२४ ला मतदान. १० मे ला आखाजी होती, म्हणजे अक्षय्य तृतीया, खान्देशात आखाजी म्हणजे काय हे बाहेरच्यांना सांगून कळत नाही, लेकी माहेरी आलेल्या, झाडाला झोके बांधलेले, गाणी चाललेली, आणि त्याच दिवशी नंदुरबारात पंतप्रधानांची सभा. दुसऱ्या दिवशी प्रियांका गांधींची. एवढी मोठी माणसं एका आदिवासी मतदारसंघात लागोपाठ आली. निकाल काय, तर भाजपच्या दोन वेळच्या खासदार डॉ. हिना गावित १ लाख ५९ हजारांनी पडल्या आणि काँग्रेसचा गोवाल पाडवी हा पहिल्यांदा उभा राहिलेला तरुण आला. हिनाताईंची स्वतःची मतंही २०१९ पेक्षा ५२ हजारांनी कमी झाली.

कारणं लोक उघड बोलत होते. एक म्हणजे संविधान आणि आरक्षणाची भीती, जी आदिवासी पाड्यावर शहरापेक्षा खूप खोल जाते, कारण तिथे आरक्षण म्हणजे आश्रमशाळेतल्या पोराची पुढची नोकरी. दुसरं म्हणजे वडील मंत्री, एक मुलगी खासदार, दुसरी मुलगी झेडपी अध्यक्ष, सगळं एकाच घरात. तिसरं, महायुतीतच भाजपचे गावित आणि शिंदे सेनेचे चंद्रकांत रघुवंशी यांचं जुनं राजकीय वैर, ते काही युतीचा बॅनर लावून मिटत नाही.

मग लोकांनी काँग्रेसला कायमचं जवळ केलं का? २३ नोव्हेंबरचा निकाल बघा. गोवाल पाडवींचे वडील के. सी. पाडवी, वर्षानुवर्षं निवडून येणारे, माजी मंत्री, अक्कलकुव्यात २,९०४ मतांनी पडले. शिंदे सेनेचे आमश्या पाडवी आले. आणि हिना गावित तिथेच अपक्ष उभ्या होत्या, त्या तिसऱ्या आल्या. म्हणजे जूनमध्ये लोकांनी हिनाताईंना नाकारलं, नोव्हेंबरमध्ये त्यांना परत नाकारलं आणि ज्याच्या मुलाला डोक्यावर घेतलं होतं त्या बापालाही नाकारलं! मधल्या काळात लाडकी बहीणचे दीड-दीड हजार खात्यात यायला लागले होते हे खरंय, त्याचा परिणाम झाला, पण तेवढ्यावर सगळं ढकलू नका.

अक्कलकुवा-धडगावचा वरचा भाग ज्यांनी बघितलाय त्यांना माहितीय. मणिबेलीकडच्या काही बूथवर मतदानाचं साहित्य बोटीने न्यावं लागतं, नर्मदेच्या पाण्यातून. तिथे अडलेल्या बाईला बांबूला झोळी बांधून खांद्यावर आणतात, रस्ता लागेपर्यंत. ती बाई ज्या पाड्यावर आहे तिथे दिल्लीतलं भांडण पोचतं, मोबाईलवर पोचतंच आता, पण मत देताना तिच्या नवऱ्याला ती झोळी आठवणार. आणि त्याने प्रत्येक वेळी वेगळा माणूस निवडून बघितला तर त्यात त्याचं काय चुकलं? ज्याच्याकडून रस्ता झाला नाही त्याला बदलायचा, हा एकच उपाय त्याच्या हातात आहे.

आपल्याकडे अहिराणीत म्हातारी माणसं उमेदवाराची गाडी आली की एकच विचारतात, "पाच वरीस कथा व्हतात?" कुठे होतात पाच वर्षं. उमेदवार याचं उत्तर देशाच्या नावाने द्यायला लागला की समजायचं, तो बूथ हातातून चाललाय.

आणि पडल्यानंतर काय होतं? पडलेल्याला स्वतःच्या ३३ हजार किंवा ५२ हजार माणसांकडे बघायला त्रास होतो. त्यांना विचारावं लागेल की बाबांनो का नाही आलात, आणि ते जे सांगतील ते ऐकावं लागेल. त्यापेक्षा एका वस्तीकडे, एका समाजाकडे बोट दाखवणं सोपं. कार्यकर्त्यालाही सोपं, कारण त्याच्या बूथवर मतं का घटली हे कोणी विचारत नाही. मला याचाच राग येतो. नेते पुढच्या निवडणुकीत युती करतात, पक्ष बदलतात, एकमेकांच्या लग्नात पंगतीला बसतात, आणि गावात मात्र मोटारवाले चाचा ग्रुपमधून गेले ते गेले.

तर जुलैमध्ये मी परत गावी गेलो. हाच कागद प्रिंट काढून नेला होता, २०१९ चा आणि २०२४ चा, आमच्या गावच्या बूथची ओळ हायलाइट करून. जिभाऊंना म्हटलं चष्मा लावा. त्यांनी लावला, बोटाने ओळ पकडून दोन्ही आकडे वाचले, मोठ्याने. ज्या उमेदवाराच्या नावाने ते चिडले होते त्याची आमच्याच बूथवर मतं घटलेली. आमच्या बूथवर ना मालेगाव ना काही, सगळी भावकी, आणि चाचांची दोन घरं.

जिभाऊ बराच वेळ गप्प. घरात अजून कापूस होताच, त्याचा वास ओट्यापर्यंत येत होता. मी विचारलं, जिभाऊ, २० मे ला तुम्ही गेला होतात ना मतदानाला?

त्यांनी कागदाची घडी घातली, परत उघडली, त्या घटलेल्या आकड्यावर नख ठेवलं आणि म्हणाले, "यामा एक मत मन्हं शे." यात एक मत माझं आहे.

मग चप्पल घातली आणि कागद घेऊन चाचांच्या दुकानाकडे गेले. मोटार त्या दिवशी व्यवस्थित चालू होती.